शिल्लक २१ डायमंड

आभासी खेळचलन म्हणजे मोबाईलवरच्या खेळात चालणारे, खऱ्या रुपयांनी विकत घ्यावे लागणारे आणि एकदा घेतले की पुन्हा रुपयांत न बदलणारे नाणे. फ्री फायर या खेळात त्याला डायमंड म्हणतात, बीजीएमआयमध्ये यूसी, कँडी क्रशमध्ये सोन्याच्या विटा. नाव कोणतेही असो, या धनाला वजन नाही, ते गहाण ठेवता येत नाही, लग्नात मुलीच्या अंगावर घालता येत नाही आणि चोरीला गेले तर मुद्देमाल म्हणून दाखवायला काही उरत नाही. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत ते रिचार्जच्या दुकानात, पानाच्या टपरीवर आणि मुख्यतः वडील जेवायला बसलेले असताना त्यांच्या मोबाईलवर मिळते.

'डायमंड' या नावाने इथे थोडा घोटाळा होतो. डहाणू रोडहून उत्तरेकडे निघालेली गाडी दोन-अडीच तासांत सुरतेला पोचते, आणि जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेतच पडतात. त्यामुळे नातू "डायमंड घेतले" म्हणाला की आजोबांच्या डोळ्यांपुढे आधी सुरत येते.

"कोणाकडून घेतलेस?"

"गरेनाकडून."

"सुरतेचा शेठ?"

"नाही आजोबा, सिंगापूरची कंपनी आहे."

आजोबांच्या मनात नातवाबद्दल आदर निर्माण होतो. तो साधारण दोन मिनिटे टिकतो, म्हणजे "दाखव बघू" म्हणेपर्यंत.

खेळातल्या वस्तूंसाठी खरे पैसे मोजण्याच्या प्रथेचा इतिहास सांगताना घोड्याला वगळता येत नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये 'ऑब्लिव्हियन' या खेळाच्या कंपनीने खेळातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढले. किंमत अडीच डॉलर. जगभरच्या खेळाडूंनी कंपनीची यथेच्छ टिंगल केली आणि टिंगल करून झाल्यावर त्यांतल्या अनेकांनी चिलखत घेतले. खऱ्या घोड्याच्या मालकाने असे काही विकायला काढले असते तर गिऱ्हाइकाने आधी घोडा लंगडतो का ते पाहिले असते, दात मोजले असते आणि शेवटी चिलखत घोड्यासकट निम्म्या किमतीत मागितले असते.

डहाणूच्या बागायतदाराला या प्रथेची पहिली लागण शेतीमार्गे झाली, हे रीतीला धरूनच झाले. २००९ च्या जूनमध्ये फेसबुकवर फार्मव्हिल हा खेळ आला. त्यात शेत नांगरायचे, पेरायचे, वेळेवर कापायचे. वेळ चुकली की पीक वाळून जायचे. खत, ट्रॅक्टर, गाई घाईने हव्या असतील तर 'फार्म कॅश' खऱ्या पैशांनी घ्यायची. ज्याच्या नावावर सात-बारावर पाच एकर चिकूची वाडी आहे त्या माणसाला या खेळाचे आकर्षण का वाटावे, हे बाहेरच्याला कळत नाही. आतल्याला कळते. फार्मव्हिलमध्ये बी पोखरणारी अळी नव्हती, मजूर न सांगता गावाला जात नव्हते, दलाल नव्हता आणि पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी भांडण नव्हते. डहाणू-घोलवडच्या चिकूला पुढे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; फार्मव्हिलच्या स्ट्रॉबेरीला ते कधीच मिळाले नाही, तरी रात्री तीन वाजता उठण्याचा मान तिलाच होता, कारण ती चार तासांत तयार व्हायची.

"कुठे निघालात या वेळी?"

"स्ट्रॉबेरी वाळेल."

"आपल्याकडे स्ट्रॉबेरी कुठाय?"

"फेसबुकवर."

"आणि वाडीत पाणी कोण सोडणार?"

यावर कॉम्प्युटरच्या पडद्याच्या उजेडात उजळलेला चेहरा काही बोलत नसे. ३१ डिसेंबर २०२० रोजी हा खेळ कायमचा बंद झाला. उभी पिके, गाई, ट्रॅक्टर आणि शिल्लक फार्म कॅश एका रात्रीत गेली. तलाठी आला नाही, पंचनामा झाला नाही, नुकसानभरपाईची मागणी करायला कोणी मोर्चा काढला नाही. शेतकऱ्याचे एवढे मोठे नुकसान इतक्या शांतपणे या जिल्ह्यात पूर्वी झाल्याचे आढळत नाही.

पुढची लाट टाळेबंदीत आली. शाळा मोबाईलवर भरू लागली, म्हणून घरोघरी मोबाईल घेतले गेले. कोणी कोंबड्या विकून, कोणी हप्त्याने. शाळेला रेंज मिळत नसे. फ्री फायरला मिळे. ज्या टेकाडावर चढून मुलगा "सर, आवाज येत नाही" असे सांगायचा, त्याच टेकाडावरून तो अनोळखी पोराला "भाई, मागे बघ, मागे!" असे स्वच्छ ऐकवायचा. या तांत्रिक चमत्काराचे स्पष्टीकरण कोणत्याही मोबाईल कंपनीने दिलेले नाही.

फ्री फायर फुकट खेळता येतो. मात्र फुकट खेळणाऱ्याच्या अंगावर जे कपडे असतात ते पाहून इतर खेळाडू त्याला 'नूब' म्हणतात, आणि सातवीतल्या मुलाला नूब म्हणवून घेण्यापेक्षा गणितात नापास होणे सोपे वाटते. म्हणून कपडे घ्यायचे. त्यांना 'स्किन' म्हणतात, पूर्ण पोशाखाला 'बंडल'. ज्या तालुक्यात गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी दोन त्रिकोण, एक गोल आणि चार रेघा एवढ्यात माणूस उभा केला, त्याला तारप्याभोवती नाचवले आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली, त्याच तालुक्यात आज उघड्या त्रिकोणाने खेळात उतरायची कोणाची हिंमत नाही.

कपड्यांहून महाग असतात पात्रे, आणि पात्रांत सर्वांत गाजला तो डीजे अलोक. हा खराखुरा ब्राझीलचा संगीतकार. २०१९ च्या अखेरीस तो पात्र म्हणून खेळात आला. तो वाजवू लागला की जवळ उभ्या असलेल्यांच्या जखमा भरून येतात. किंमत ५९९ डायमंड. डहाणू-तलासरीत हळदीच्या रात्री डीजे नसेल तर लग्न कायदेशीर ठरते की नाही अशी शंका घेतली जाते, त्यामुळे या व्यवहाराची घरात निराळीच चौकशी झाली.

"अलोकला किती दिले?"

"पाचशे नव्याण्णव."

"आणि कोणाच्या हळदीला?"

"कोणाच्या नाही. माझ्याकडेच राहणार तो."

"राहणार? आणि जेवायला?"

येथे या चलनाच्या हिशेबाकडे वळावे लागते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. डायमंड सुटे मिळत नाहीत. १०० ची पुडी ८० रुपयांना, ५२० ची ४०० रुपयांना, १०६० ची ८०० रुपयांना असा दर भारतात बराच काळ चालला. अलोकसाठी हवेत ५९९. पाचशे वीसची पुडी घेतली तर ७९ कमी पडतात. मग वर शंभराची आणखी एक. झाले ६२०, रुपये ४८०. अलोक घरी येतो आणि खात्यात उरतात २१ डायमंड. या २१ डायमंडांत काहीही येत नाही. चप्पल येत नाही, टोपी येत नाही, बंदुकीला रंग लागत नाही. पण ते दिसत राहतात, कोपऱ्यात, निळे, चमकणारे, आणि ज्याने किराणा दुकानात सुट्ट्याऐवजी दिलेली चॉकलेटची गोळी कधी मुकाट्याने घेतली नाही तो माणूस म्हणतो, "२१ आहेतच, शंभर घेतले की १२१ होतील." १२१ मधून ९९ ची वस्तू घेतली की उरतात २२. प्रगती एका डायमंडाची, खर्च ८० रुपये. आदिवासी पाड्यावरच्या म्हाताऱ्याला सावकाराचे व्याज समजावून सांगावे लागत नसे, त्याला हा हिशेब सांगितला तर तो ऐकून घेतो आणि विचारतो, "शेठ कुठे राहतो?"

खरेदीची पद्धत अशी. मुलगा रिचार्जच्या दुकानात जातो, आपला खेळाडू क्रमांक सांगतो. दुकानदार तो दोनदा वाचून घेतो; आधार कार्डावरचा आकडाही इतका काळजीपूर्वक वाचला जात नाही, कारण आधारात चूक झाली तर फक्त रेशन अडते. पैसे रोख नसतील तर वहीत मांडतात. महिनाअखेरीस आई हिशेब चुकता करायला येते तेव्हा वहीत ओळीने लिहिलेले असते: तेल, मीठ, सुके बोंबील, काडेपेटी, डायमंड.

"हे डायमंड काय आहे?"

"साबण असेल नवीन," मुलगा.

"मग घरात दिसला कसा नाही?"

"संपला."

आई मुलाच्या मानेकडे बघते. एका महिन्यात तीन साबण संपवल्याची कोणतीही खूण तिला तिथे आढळत नाही.

दुसरी पद्धत यूपीआयची. यात वडिलांचा मोबाईल, वडिलांचे बोट आणि वडिलांचा पिन लागतो. पिन बहुधा वडिलांचे जन्मवर्ष असतो आणि ते गुपित घरात वडील सोडून सगळ्यांना माहीत असते, कारण वडील तो विसरतात आणि मुलालाच विचारतात. या मार्गाने किती लांब जाता येते याचे उदाहरण मुंबईत घडले. ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरीच्या एका १६ वर्षांच्या मुलाने पबजीच्या आयडी आणि यूसीसाठी आईच्या खात्यातले सुमारे १० लाख रुपये खर्च केले. आईवडील रागावले म्हणून त्याने घर सोडले, आणि पोलिसांना तो अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. डहाणू-तलासरीत असे होत नाही. मुले जास्त शहाणी आहेत असे नव्हे. इथल्या खात्यांत 'अपुरी शिल्लक' नावाचा एक कडक पालक चोवीस तास जागा असतो.

हा रोग मुलांचा आहे असा समज मोठ्यांनी पसरवलेला आहे. त्याची तपासणी करायची तर सकाळच्या डहाणू लोकलमध्ये बसावे. कँडी क्रशमध्ये खेळाडूला पाच जीव मिळतात. गेलेला जीव अर्ध्या तासाने परत येतो. डहाणू रोडला पाचही जीव शाबूत असतात. वाणगावला एक जातो, बोईसरला गर्दी चढताना धक्क्याने दुसरा, उमरोळीला तिसरा, आणि पालघरला उतरणाऱ्यांना वाट देता देता उरलेले दोन. पुढे केळवे रोडच्या आधी कुठेतरी मागून येणाऱ्या मेलसाठी लोकल बाजूला काढली जाते. गाडी पंचवीस मिनिटे उभी राहते. २०१३ मध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत आल्यापासून ही पंचवीस मिनिटे सोसायची सवय प्रवाशांच्या हाडांत मुरलेली आहे. त्याबद्दल कोणी हूं की चूं करत नाही. मात्र हातातल्या मोबाईलने "पुढचा जीव २९ मिनिटांनी" असे सांगितले की त्याच प्रवाशाचा संयम सुटतो आणि तो सोन्याच्या विटा विकत घेतो.

"अहो, गाडी तर उभीच आहे. थांबा की अर्धा तास."

"वेळ कोणाकडे आहे?"

याच जातीचे दुसरे उदाहरण तलासरीच्या सीमेवर मिळते. गुजरातेत पेट्रोल लिटरमागे आठ-नऊ रुपयांनी स्वस्त असते, म्हणून तलासरीचा मोटरसायकलवाला आच्छाडची सीमा ओलांडून भिलाडच्या बाजूला टाकी भरायला जातो. दोन लिटरमागे सतरा-अठरा रुपये वाचतात. त्यांतले काही जाण्यायेण्यात जळतात, पण तो हिशेब कोणी धरत नाही, कारण त्याने आनंद कमी होतो. पंपावर रांग असते. रांगेत तो मोबाईल काढतो, खेळ उघडतो आणि आपला नंबर लागेपर्यंत ८९ रुपयांच्या यूसी घेऊन टाकतो. मग पंपवाल्याने दोन रुपये सुटे दिले नाहीत म्हणून पाच मिनिटे भांडतो. भांडणात न्याय त्याच्या बाजूला असतो.

वस्तू थेट विकत घेण्याऐवजी नशिबाने मिळवण्याचीही सोय असते. चक्र फिरवायचे, प्रत्येक फेरीला डायमंड द्यायचे. काय लागेल ते चक्रालाच ठाऊक. बहुतेक वेळा पॅराशूट लागते. एका सुट्टीच्या दिवशी नातू ओट्यावर बसून चक्र फिरवत असतो, तेव्हा शेजारी विडी ओढणारे आजोबा थोडा वेळ नुसते बघतात.

"ओपन लागला का क्लोज?"

"तसं नसतं आजोबा, हा इव्हेंट आहे."

"आम्ही पण घरी इव्हेंटच सांगायचो."

खेळातल्या अशा नशिबाच्या पेट्या जुगाराच्या व्याख्येत बसतात, असा निर्णय बेल्जियमने २०१८ मध्ये दिला. त्यासाठी तिथल्या आयोगाला अभ्यास करावा लागला. मुंबईच्या मटक्यात उमेदीची वर्षे घातलेल्या माणसाला तेवढा वेळ लागत नाही.

फुकट डायमंड देणाऱ्यांची एक स्वतंत्र शाखा आहे. "दहा हजार डायमंड मोफत, फक्त आयडी आणि पासवर्ड टाका" असा दुवा मित्राच्या मित्राकडून येतो. मुलगा आयडी टाकतो, पासवर्ड टाकतो, मग 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी सूचना येते. तो सिद्ध करतो. आलेला ओटीपीही देतो. संध्याकाळपर्यंत आयडी दुसऱ्याचा झालेला असतो, अलोकसकट. या प्रकारातला दिलासा एवढाच की २१ डायमंड चोरालाही खर्चता येत नाहीत.

प्रस्तुत लेखकानेही केवळ अभ्यासासाठी म्हणून ८० रुपये भरले. हे वाक्य घरात कोणी खरे मानले नाही. बऱ्याच विचाराअंती एक लाल टोपी घेण्यात आली. ती घालून लेखक विमानातून उडी मारून एका बेटावर उतरला, गवतात लपला आणि लपलेल्या जागी चाळीस सेकंदांत मारला गेला, कारण हिरव्या गवतात लाल टोपी लांबून दिसते. मारणाऱ्याचा आवाज नुकता फुटू लागलेला होता. "अंकल, टोपी भारी आहे," तो म्हणाला. आपण अंकल आहोत हे त्याला कसे कळले, हा प्रश्न लेखकाला टोपीच्या किमतीपेक्षा जास्त दिवस छळत राहिला. पुढच्या आठवड्यात, पुन्हा अभ्यासासाठी, हिरवी टोपी घ्यावी लागली.

सरकारी बंदीचा या चलनावर होणारा परिणाम नोंदण्यासारखा आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, तेव्हा अनेक घरांत पालकांनी गोडधोड केले. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला आणि जुने सामान नव्या घरात हलवायची सोय करून गेला. मग २०२२ च्या जुलैत तोही दुकानातून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. फ्री फायरवर बंदी आली १४ फेब्रुवारी २०२२ ला. त्या दिवशी तालुक्यात ज्यांचे खरोखर प्रेमभंग झाले त्यांना कोणी विचारले नाही, कारण बाकी सगळे अलोकसाठी शोक करत होते. शोक संध्याकाळपर्यंत चालला. मग कोणाच्या तरी लक्षात आले की फ्री फायर मॅक्स नावाचा जुळा भाऊ शाबूत आहे आणि जुना आयडी त्यात चालतो. उघडून पाहिले. अलोक होता. २१ डायमंडही होते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद झाले; टोप्या, कपडे आणि चिलखते विकणारे खेळ त्यातून सुटले. म्हणजे पैसे परत मिळण्याची आशा दाखवली तर गुन्हा, आणि कसलीच आशा दाखवली नाही तर ती निर्मळ करमणूक. त्याआधी महिनाभर राज्याच्या एका मंत्र्यांच्या मोबाईलवर विधान परिषदेच्या सभागृहात रमी दिसल्यावरून गदारोळ झाला होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेरीस त्यांच्याकडचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले. "मी जाहिरात घालवत होतो" हे उत्तर शाळकरी मुलांनी ताबडतोब उचलले; शिक्षकांकडून मात्र त्यांना कोणतेही खाते मिळाले नाही.

पैसे परत मागण्याचा मार्गही आहे. १८७२ च्या करार कायद्याखाली अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये ते पक्के केले. गूगलच्या दुकानात खरेदीनंतर ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो. अडचण एवढीच की आईला ही खरेदी वहीतून कळते आणि वही महिन्याने उघडते. शिवाय अर्ज इंग्रजीत असतो, तो भरता येणारा घरातला एकमेव माणूस म्हणजे तो मुलगा, आणि 'खरेदी कोणी केली?' या रकान्यात तो 'चुकून झाली' असे लिहितो.

या धनाचा शेवट वारसाने होतो. मोठा मुलगा दहावीला गेला की त्याला शपथ घालतात, मग मोबाईल, गणिताचे पुस्तक, शाळेचा शर्ट आणि आयडी धाकट्याकडे येतो. शर्टाची बाही लांब होते, पण आयडी नीट बसतो. हस्तांतर रीतसर होते: हा पासवर्ड, हा अलोक, ही पाच पॅराशूटे.

"आणि हे २१?"

"ते असू दे."

"यात काय येतं?"

"काही नाही येत."

धाकटा बोटांवर काहीतरी मोजतो, आणि आई वहीचा हिशेब चुकता करून घरी येते तेव्हा तो दारातच उभा असतो.

"आई, साबण संपलाय."